रशियात ९वीनंतर निम्म्याहून जास्त पोरं शाळा का सोडतात?

नेवाकाठी:
मंडळी, मागे राजकारणाच्या एका धाग्यावर कुणीतरी अवांतर म्हणून विचारलं होतं की तिकडे शाळाबिळा कशा चालतात, सवडीने लिहितो म्हटलं होतं. आमच्याकडे सध्या दुसरा विषयच नाही कारण पोरगी ९वीत आहे. पीटर्सबर्गला राहतो, बायको इथलीच, सासूबाई निवृत्त शिक्षिका, त्यामुळे जेवताना रोज परिसंवाद असतो.

इथे शाळा ११ वर्षांची. ९वीच्या शेवटी 'ओगे' नावाची परीक्षा, रशियन आणि गणित सक्तीचं आणि दोन विषय आपल्या आवडीचे. ११वीला 'येगे', ही खरी मोठी, हिच्यावरच विद्यापीठात प्रवेश. रोजच्या शाळेतले मार्क पाचपैकी, पण १ कुणी देत नाही, २ म्हणजेच नापास. तर गंमत अशी की ९वी झाल्यावर १०वीला न जाता 'कॉलेज'ला जाणारी पोरं आता ६० टक्क्यांच्या आसपास पोचलीयत. कॉलेज म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेज नव्हे, आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांच्या मधलं काहीतरी समजा, नर्सिंग, वेल्डिंग, स्वयंपाक, प्रोग्रामिंग, सगळं तिथे. वीसेक वर्षांपूर्वी तिथे जाणं म्हणजे पोरगं वाया गेलं असं शेजारीपाजारी बोलायचे, आणि आता माझ्या मुलीच्या वर्गातल्या चांगल्या चौके-पंजे मिळवणाऱ्या पोरीसुद्धा तिकडे निघाल्यात.

का, तर येगेची धास्ती. ही परीक्षा २००१ मध्ये काही मोजक्या प्रांतांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २००९ पासून सगळ्या देशात सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाची आपापली प्रवेश परीक्षा असायची, तीही तिथे जाऊन द्यायची, बरीचशी तोंडी. म्हणजे याकुत्स्कच्या पोराला नुसती परीक्षा द्यायची तर सहा तासांचं विमान पकडून मॉस्को गाठायचं, आणि तिथे जाऊन कळायचं की याच विभागातल्या प्राध्यापकाकडे वर्षभर शिकवणी लावलेली पोरं आधीच रांगेत उभी आहेत. येगेने हे बऱ्यापैकी मोडलं, आपल्या गावात बसून पेपर द्या, १०० पैकी मार्क, ते घेऊन कुठल्याही विद्यापीठात अर्ज करा. माझ्या ऑफिसात निम्मी तरुण पोरं सायबेरिया आणि उरलकडची आहेत, ती येगे नसती तर इथवर आली नसती असं ती स्वतःच म्हणतात.

पण लाच गेली नि शिकवणी राहिली. १०वी-११वी ही दोन वर्षं घरटी दोन-तीन 'रेपेतीतर' म्हणजे खाजगी शिकवणीवाले, एरवी बजेटची म्हणजे सरकारी पैशाची सीट मिळणं कठीण, आणि बजेट नाही मिळाली की फी भरा. मग पालक हिशोब करतात की दोन वर्षं शिकवण्यांवर पैसा ओतण्यापेक्षा ९वीनंतर कॉलेजला घाला, तिथे प्रवेश नुसत्या शाळेच्या मार्कांच्या सरासरीवर, येगे नाही काही नाही, १८-१९ व्या वर्षी हातात काम, आणि पुढे वाटलंच तर कॉलेजनंतर विद्यापीठाची अंतर्गत परीक्षा देऊन आत शिरता येतं (ती वाटही आता आवळत चाललेत, शिकलेल्या विषयाच्या जवळचीच शाखा घ्या म्हणतात). सरकारलाही हेच हवंय, कारखान्यांना माणसं नाहीत. २०२२ पासून कारखान्यांशी जोडलेल्या कॉलेजांची मोठी योजना चालू आहे, आणि २०२५ ला मॉस्को आणि लिपेत्स्क प्रांतात तर कॉलेजला जाणाऱ्यांना ओगेचे चारऐवजी दोनच पेपर द्या अशी मुभा दिली. म्हणजे दार नुसतं उघडं नाही, आत ढकलायलाही माणूस उभा आहे.

माझं मत विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांत रशियन समाज कसा बदलला हे बघायचं असेल तर टीव्हीवरच्या परेड बघू नका, ९वीच्या पालकसभेत बसा. कोण १०वीला जातंय आणि का, यात सगळं येतं, पगार, लष्कर, आजी घरात आहे का नाही, सगळं.

सांगलीची_बाई:
छान लिहिलंय. मी गणित शिकवते, माझ्या वडिलांच्या कपाटात सोव्हिएत मीर प्रकाशनाची पुस्तकं रांगेने होती आणि इरोदोवचं फिजिक्सचं पुस्तक तर अजून जेईईवाल्यांच्या दप्तरात असतंच. म्हणून प्रश्न पडला की ज्या देशाने जगाला गणित शिकवलं तिथे पोरं परीक्षेला घाबरून ९वीनंतर पळतात? आणि निकालाचं कसं, आपल्यासारखा ९५ टक्के लागतो का?

नेवाकाठी:
बाई, ते गणित शिकवणारे वेगळे आणि गल्लीतली शाळा वेगळी. १९६३ ला कोल्मोगोरोव या मोठ्या गणितज्ञाने मॉस्को विद्यापीठाला जोडून हुशार पोरांसाठी निवासी शाळा काढली, त्याच वर्षी नोवोसिबिर्स्कलाही निघाली, इथे लेनिनग्राडला २३९ नंबरची शाळा होतीच, गणितज्ञ पेरेलमान तिथलाच. पोरांसाठीचं गणित-फिजिक्सचं 'क्वांत' मासिक १९७० पासून. आजही ती परंपरा जिवंत आहे, सोचीला ऑलिम्पिकच्या इमारतींमध्ये २०१५ पासून 'सिरिउस' नावाचं केंद्र आहे, तिथे देशभरातून पोरं निवडून नेतात. राष्ट्रीय ऑलिंपियाड जिंकलं की त्या विषयाच्या शाखेला थेट प्रवेश. पण हे वरचं साय झालं.

खालचं दूध बघायचं तर २०१४ बघा. २०१३ ला येगेचे पेपर इंटरनेटवर धो धो फुटले, व्लादिवोस्तोकला सकाळ आधी होते ना, तिकडचा पेपर मॉस्कोला रात्रीच पोचायचा. पुढच्या वर्षी कॅमेरे, मेटल डिटेक्टर, कडक बंदोबस्त. आणि मग काय झालं, तर रशियन भाषेची पास व्हायची किमान रेषा ३६ वरून २४ वर आणावी लागली, परीक्षा होऊन गेल्यावर! रशियन भाषेची, रशियात. सासूबाई त्या आठवड्यात कुणाशी बोलत नव्हत्या. २०१५ पासून गणिताचेही दोन प्रकार केले, एक साधं, रोजच्या हिशोबापुरतं, आणि एक इंजिनियरिंगवाल्यांसाठी.

लाल_सलाम_परळ:
नेवाकाठीराव, हे सगळं १९९१ नंतरचं पाप आहे. आमच्या गिरणगावात सोव्हिएत पुस्तकांच्या गाड्या यायच्या, कापडी बांधणी, गुळगुळीत कागद, आणि किंमत इतकी कमी की कामगाराचं पोरगं घेऊ शके. अण्णाभाऊ १९६१ ला तिकडे गेले तेव्हा काय भारावून आले होते. त्यांचा पुतळासुद्धा २०२२ ला मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात बसला. त्या काळी शिक्षण फुकट, नोकरीची हमी, शिकवण्यांचं नाव नाही. बाजार आला आणि वाट लागली, एवढीच गोष्ट आहे.

नेवाकाठी:
काका, अण्णाभाऊंबद्दल दुमत नाही. पण सोव्हिएत काळाचं सोनं करताना दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे फुकट शिक्षणानंतर तीन वर्षं सरकार पाठवेल तिथे नोकरी, सासूबाईंना पाठवलं होतं अर्खांगेल्स्कच्या पुढे. दुसरं जास्त गंभीर. ७०-८० च्या दशकांत मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू मुलांना तोंडी परीक्षेत मुद्दाम वेगळी, जवळजवळ न सुटणारी गणितं घालून पाडायचे. ती गणितं पुढे अमेरिकेत गेलेल्या गणितज्ञांनीच गोळा करून छापली. उत्तर दिसायला एका ओळीचं, पण सापडणं महाकठीण, म्हणजे तक्रारही करता येत नाही. येगेला हजार शिव्या घाला, पण तिथे पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. माझ्या बायकोच्या चुलत्याचं तेव्हा दिसलं होतं.

बाकी शिकवण्या तेव्हाही होत्या, फक्त दार लावून.

शंकासूर:
येगे येगे ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी काढत नाहीये. दर सोमवारी शाळेत देशभक्तीचा तास असतो म्हणे, आणि नवीन इतिहासाची पुस्तकं. त्यावर लिहा की. का लिहायचं नाही?

नेवाकाठी:
लिहितो, पण मोजून मापून, इथे राहायचंय.
सप्टेंबर २०२२ पासून सोमवारचा पहिला तास 'महत्त्वाच्या गप्पा'. त्याआधी झेंडा वर, शुक्रवारी झेंडा खाली. विषय वरून ठरून येतात, व्हिडिओसकट, कधी गागारीन, कधी कुटुंब, कधी क्रिमिया. पहिल्या वर्षी १ सप्टेंबरचा तास राष्ट्राध्यक्षांनी स्वतः कालिनिनग्राडला घेतला होता. प्रत्यक्षात वर्गावर्गात फरक आहे. एक बाई मनापासून घेतात, एक व्हिडिओ लावून रजिस्टर भरत बसतात, एक दहा मिनिटांत गुंडाळून ओगेची गणितं काढतात आणि पोरांना ते पसंत असतं. सकाळी आठचा तास आहे हो, निम्मा वर्ग झोपेतच असतो.

इतिहासाचं पुस्तक २०२३ पासून १०वी-११वीला एकच, मेदिन्स्की आणि तोर्कुनोव यांचं. पहिले माजी संस्कृतीमंत्री आणि राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार, दुसरे परराष्ट्र खात्याच्या विद्यापीठाचे रेक्टर. त्यात २०२२ नंतरचंसुद्धा प्रकरण आहे, म्हणजे पोरांचे मामा-काका जिथे आत्ता आहेत तेच परीक्षेला. सासूबाई इतिहासच शिकवायच्या. १९८८ ला गोर्बाचोवच्या काळात शाळांमधली इतिहासाची परीक्षाच रद्द केली होती, कारण पुस्तकात लिहिलेलं खोटं हे सरकारनेच मान्य केलं, त्या वर्षी त्या वर्गात नुसतीच चर्चा घेत. त्यांना त्या वर्षाइतकं शिकवायला कधीच आवडलं नाही म्हणतात.

शंकासूर:
युद्ध म्हणा ना सरळ. '२०२२ नंतरचं' काय.

नेवाकाठी:
तुम्ही म्हणा.

काझानची_डॉक्टर:
बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलंय या धाग्यासाठी. मी काझानला एमबीबीएस केलं, आता नाशिकला असते. नेवाकाठींनी पीटर्सबर्ग दाखवलं पण रशिया म्हणजे नुसते रशियन नाहीत ना. काझान ही तातारस्तान प्रजासत्ताकाची राजधानी, तिथे आम्ही होतो तेव्हा सगळ्या शाळेत, पोरगं रशियन असो की तातार, तातार भाषा सक्तीची होती, आठवड्याला पाच-सहा तास. माझी घरमालकीण रशियन, तिचा मुलगा खूप वैतागायचा पण दुकानात तातार आजीबाईंशी फाडफाड बोलायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात पुतिन योश्कार-ओला इथे म्हणाले की ज्याची ती मातृभाषा नाही त्याला ती शिकायची सक्ती नको. झालं, शरदात सरकारी वकिलांच्या माणसांनी शाळाशाळांमधून तपासणी केली, वर्ष संपायच्या आत तातार ऐच्छिक, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, तेही पालकांनी लेखी मागितली तर. पुढच्या वर्षी कायदाच झाला, सगळ्या प्रजासत्ताकांना लागू. तातारच्या कितीतरी शिक्षिकांना घाईघाईने दुसरा विषय शिकून घ्यावा लागला.

आणि येगे यात कुठे येते तर परीक्षा फक्त रशियनमधून देता येते. म्हणजे तातार माध्यमात शिकलं तरी शेवटचा पेपर रशियनमध्ये, मग आईबाप म्हणतात आधीपासूनच रशियन माध्यमात घाला. कुणी बंदी घातली नाही, पण वर्ग आपोआप रिकामे होतात. शेजारच्या इझेव्स्कला सप्टेंबर २०१९ मध्ये आल्बेर्त राझिन नावाच्या उदमुर्त (तिथला मूळ समाज) अभ्यासकाने प्रांताच्या विधानसभेसमोर स्वतःला जाळून घेतलं, भाषेसाठी. ७९ वर्षांचा माणूस. आपल्याकडच्या बातम्यांत आलंच नाही बहुतेक.

शंकासूर:
हे वाचून पहिलीपासून हिंदीचा वाद आठवला. आपल्याकडे निदान २०२५ ला जीआर मागे तरी घ्यायला लावला.

संपादक_मंडळ:
हिंदी सक्तीवर स्वतंत्र धागा चालू आहे, कृपया ती चर्चा तिकडेच. इथे रशिया.

पुणेरी_मॉस्कोकर:
आम्ही कंपनीच्या कामाने मॉस्कोत होतो, नुकतेच परतलो. वर सगळं काळं काळं आलंय म्हणून दुसरी बाजू. तिथे शाळेव्यतिरिक्त सरकारी संगीतशाळा असतात, वेगळी इमारत, सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम, वाद्य, कोरस, सोल्फेज म्हणजे स्वरज्ञान, सगळ्याची परीक्षा, फी अगदी किरकोळ. आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्लंबरची मुलगी व्हायोलिन वाजवायची आणि यात कुणाला काही विशेष वाटत नसे. हे सोव्हिएत काळापासून टिकलंय, ९० च्या दशकात शिक्षकांना पगार मिळत नव्हते तेव्हाही बंद पडलं नाही.

शिवाय २०२१ पासून 'पुश्किन कार्ड', १४ ते २२ वयाच्या मुलांना वर्षाला ५००० रूबल सरकार देतं, फक्त नाटक, मैफल, संग्रहालय यावर खर्चायचे, सिनेमा चालतो पण रशियनच आणि तोही २००० पर्यंत. थिएटरात संध्याकाळी नुसती टीनएजर पोरं, हातात जॅकेट जमा केल्याचे बिल्ले. आपल्याकडे बालगंधर्वला हे कधी दिसलंय का?

सांगलीची_बाई:
हे फारच आवडलं. पण त्या कार्डावर कुठलंही नाटक बघता येतं का?

पुणेरी_मॉस्कोकर:
यादीत असेल तेच. आणि यादीत काय घ्यायचं हे अर्थातच सरकारी तज्ज्ञ ठरवतात.

नेवाकाठी:
तिथेच तर मेख आहे पुणेरीराव. त्याच देशात २०२२ ला मॉस्कोचं गोगोल सेंटर हे नाट्यगृह बंद झालं, पुढच्या वर्षी मानवी हक्कांचं काम करणारं साखारोव केंद्र, आणि दिग्दर्शिका बेरकोविच आणि नाटककार पेत्रीयचूक या दोघींना २०२४ ला एका नाटकावरून सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. पुस्तकांच्या दुकानात 'परकीय एजंट' ठरलेल्या लेखकांची पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर १८+ चा शिक्का, असं बघितलंय मी. आणि तरी संध्याकाळी नाटकाला तिकीट मिळत नाही हेही तितकंच खरं. आमची पोरगी त्याच कार्डावर महिन्याला दोन तरी नाटकं बघते, मी काय तिला जाऊ नको म्हणू? नाही म्हणत.

लाल_सलाम_परळ:
बरं तो आजीचा उल्लेख केलात आणि सोडून दिलात, त्याचं काय?

नेवाकाठी:
हां ते राहिलंच. इथलं घर आजीवर चालायचं. बाया ५५ ला रिटायर, मग नातवंडांना शाळेतून आणणं, संगीतशाळेत पोचवणं, सूप करून ठेवणं, हे सगळं बाबुश्काचं खातं. २०१८ ला निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतलं, बायांचं ६०, पुरुषांचं ६५. फुटबॉलचा विश्वचषक इथे सुरू झाला त्याच दिवशी जाहीर केलं, हेही लक्षात असू द्या. आता आजी कामावर असते, आई कामावर असते, बऱ्याच घरांत बाप नसतोच (घटस्फोट इथे खूप), तर पोरगं दुपारी एकटं. मग अशा आईला दोन वर्षं शिकवण्यांचा खर्च आणि धावपळ झेपत नाही. ९वीनंतर कॉलेज हा निर्णय कितीतरी घरांत असा होतो, पोराच्या हुशारीशी त्याचा संबंध नसतो. आणि मुलगा असेल तर आणखी एक विचार, विद्यापीठात सीट नाही मिळाली तर १८ पूर्ण झाल्यावर लष्कराची नोटीस. कॉलेजला असला की शिक्षण संपेपर्यंत तरी थांबते. हे पालकसभेत कुणी मोठ्याने बोलत नाही, जिन्यात बोलतात.

सांगलीची_बाई:
आणि शिक्षक? तुमच्या सासूबाईंच्या नंतर कोण येतंय त्या नोकरीत?

नेवाकाठी:
फारसं कुणी नाही. आठवड्याला १८ तास म्हणजे एक पूर्ण नोकरी धरतात. शिक्षकांमधला जुना विनोद आहे की एका नोकरीवर खायला मिळत नाही आणि दोन नोकऱ्यांवर खायला वेळ मिळत नाही, म्हणून सगळे दीड करतात. २०१२ ला आदेश निघाला की शिक्षकांचा पगार प्रांताच्या सरासरीइतका करा. कागदावर केलाही, कसा, तर शाळा एकत्र करून, माणसं कमी करून, उरलेल्यांवर तास वाढवून. खेड्यातल्या हजारो छोट्या शाळा त्याच्या आधीपासूनच बंद होत होत्या, आता पोरं बसने शेजारच्या गावात.

सगळ्यात वाईट अवस्था फिजिक्सची. बऱ्याच आयटी शाखांना फिजिक्सऐवजी इन्फॉर्मॅटिक्सची येगे चालते, ती सोपी पडते, म्हणून फिजिक्स घेणारी पोरं घटत गेली, मग शिकवणारेही. आमच्या शाळेत फिजिक्सला सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आहेत, फार सुंदर शिकवतात, ते आजारी पडले की तास रिकामा, बदली कुणी नाही.

नीट_पालक_लातूर:
नमस्कार, वाचतोय. विषय थोडा वेगळा पण मुलाला नीटला ४१० आहेत, एजंट रशिया सुचवतोय. वर म्हणताय की रशियाने युरोपची डिग्री पद्धत सोडली, मग आपल्याकडे डिग्री चालेल का?

काझानची_डॉक्टर:
दादा, तो मुद्दा वर कुणी लिहिला नव्हता बहुतेक पण सांगते. २००३ ला रशिया बोलोन्या पद्धतीत गेला, ४+२, बॅचलर-मास्टर. २०२२ ला त्यातून बाहेर पडायचं ठरलं आणि २०२३ पासून सहा विद्यापीठांत नव्या-जुन्या मिश्र पद्धतीचा प्रयोग चालू केला. मेडिकलला याने काही फरक पडत नाही, ते आधीपासून सलग सहा वर्षंच आहे, मोडलंच नव्हतं. तुम्ही बघायचं ते आपल्या एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) २०२१ चे नियम, किमान ५४ महिने शिक्षण, इंग्रजी माध्यम, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, आणि तिथे प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याइतकी ती डिग्री असली पाहिजे. एजंट 'पहिली तीन वर्षं इंग्रजी मग रशियन' म्हणाला तर तिथेच उठा. आणि इंग्रजी माध्यम असलं तरी पेशंट रशियनच बोलतो, त्यामुळे मुलाला जायच्या आधी सहा महिने भाषेची शिकवणी लावा, पुण्यामुंबईत मिळते, ऑनलाइनही मिळते. एजंटचं नाव इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माहिती असेल तर सांगते.